पिवळ्या कडेचा वारसा

बँकेच्या काउंटरशेजारी, दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत, नव्या सोसायटीच्या लॉबीत, लिफ्टच्या दाराशी... गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतून एक झाड जिथे-तिथे येऊन उभं राहिलं आहे. फांदी नाही, खोड दिसत नाही. मातीतून थेट वर आलेली जाड, टोकदार पानं, गडद हिरव्यावर फिकट आडव्या लाटा आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना पिवळी कड. रोपवाटिकेत त्याला स्नेक प्लांट म्हणतात. वनस्पतिशास्त्राची जुनी पुस्तकं सान्सेव्हिएरिया ट्रायफॅसिआटा म्हणतात. कमी उजेड, राहून गेलेलं पाणी, एसीची कोरडी हवा हे सगळं ते निमूट सोसतं आणि म्हणूनच घराघरांत पोचलं.

त्याच्या सोशिकपणाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते एका कुंडीची दुसरी कुंडी कशी होते त्याबद्दल. हे झाड आपल्याकडे कुणी बी पेरून वाढवत नाही. तुमच्या खिडकीतलं स्नेक प्लांट हा कुणाच्या तरी झाडाचा तोडून दिलेला भाग आहे, ते झाड त्याआधीच्या कुणाच्या झाडाचा. हातांनी पुढे नेलेली ही साखळी शंभराहून अधिक वर्षं मागे जाते. झाडाचा कुठला भाग तोडला यावर पुढे काय पोचणार हे ठरतं. पान तोडून लावलं तर झाड येतं, पिवळी कड येत नाही. बुडाशी आलेला फुटवा मुळांसकट लावला तर दोन्ही येतात. एवढ्याशा फरकात बागकाम आहे, जीवशास्त्र आहे आणि इतिहासही आहे.

काँगो, ब्रुसेल्स, कोलकाता

स्नेक प्लांटचं मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, नायजेरियापासून काँगोच्या खोऱ्यापर्यंत. मात्र त्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा छापलं गेलं ते बंगालच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात. हावड्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डेव्हिड प्रेन यांनी 1903 साली ‘बेंगाल प्लांट्स’ प्रसिद्ध केलं. तिथल्या बागांतून रुळलेल्या या आफ्रिकी झाडाला त्यांनी त्यात ‘ट्रायफॅसिआटा’ हे नाव दिलं. म्हणजे नाव मिळण्याआधीच ते भारतात नांदत होतं. प्रेन पुढे लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक झाले.

या कुळातलं एक झाड तर इथलंच आहे. पूर्व किनाऱ्याकडच्या कोरड्या रानांत वाढणाऱ्या सान्सेव्हिएरिया रॉक्सबर्घियाना या जातीचं नाव प्रेन यांच्याच खुर्चीवर त्यांच्या शंभर वर्षं आधी बसलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांच्यावरून पडलं. तिच्या पानांतून लांब, पांढरा, चिवट धागा निघतो. मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या दोरीची असावी असं सांगितलं आहे. ती मूर्वा म्हणजे नेमकी कुठली वनस्पती यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण दावेदारांत ही जात आहे. आफ्रिकेतही या झाडांच्या धाग्याची धनुष्याला दोरी होत असे. आज शोभेसाठी ठेवलेल्या या पानांचा माणसाशी जुना संबंध होता तो दोराचा.

आता पिवळी कड. ती आली काँगोमधून. एमील लोराँ हे बेल्जियममधल्या जाँब्लू इथल्या कृषी संस्थेत प्राध्यापक होते. काँगोमधल्या वनस्पती गोळा करण्यासाठी त्यांनी तिथे फेऱ्या केल्या. आज जगभर प्यायल्या जाणाऱ्या रोबस्टा कॉफीच्या प्रसारातही त्यांनी आणलेल्या झाडांचा वाटा आहे. 1904 साली काँगोहून परतताना बोटीवरच त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी गोळा केलेल्या एका पिवळ्या कडेच्या सान्सेव्हिएरियाला एमील द वाइल्डमन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच वर्षी ‘लॉरेंटी’ हे नाव दिलं. पुढे 1915 साली क्यूच्या एन. ई. ब्राऊन यांनी साऱ्या सान्सेव्हिएरियांचा आढावा घेतला, तेव्हा ते ट्रायफॅसिआटाचंच एक रूप ठरलं. नावं अजूनही बदलतात. जनुकांच्या अभ्यासानंतर 2017 पासून हे सगळं कुळ ड्रॅसिना या मोठ्या कुळात घातलं गेलं आहे. रोपवाटिकांच्या पाट्यांवर मात्र जुनंच नाव चालू आहे.

हा इतिहास निरागस नाही आणि तो तसा सांगूही नये. लोराँ यांनी ज्या काळात झाडं गोळा केली, तेव्हा काँगो हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा मुलूख होता. रबराच्या वसुलीसाठी तिथल्या माणसांवर जे अत्याचार झाले, त्यांवरचा ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा अहवाल 1904 मध्येच प्रसिद्ध झाला. आपल्या दिवाणखान्यातली पिवळी कड त्याच जहाजमार्गांवरून जगात पसरली. झाडाचा यात काही दोष नाही, पण त्याची वंशावळ सांगायची तर हे पानही उलटून पाहायला हवं.

फुटवा वेगळा करताना

स्नेक प्लांटला खोड नाही असं वाटतं, कारण ते मातीच्या खाली आडवं पसरतं. आलं आणि हळद यांचंही तसंच. हे जाड, फिकट पिवळसर खोड कुंडीच्या भिंतीला लागून वळसे घेतं आणि त्याच्या टोकाशी नवा कोंब वर येतो. केळीला जसे मुनवे, तसे हे याचे फुटवे. कुंडी भरली की खोड बाहेर ढकलायला लागतं. प्लास्टिकची कुंडी एका बाजूने फुगते, कधी फाटतेही. रोप वेगळं करायची वेळ झाल्याचं झाड असं स्वतः सांगतं.

फुटवा घाईने काढू नये. तो आईच्या निम्म्या उंचीचा झाला की बहुधा त्याला स्वतःची मुळं आलेली असतात. कुंडी दोन दिवस कोरडी ठेवावी, मग आडवी करून बाजूंनी थोपटावी आणि सगळा गड्डा मातीसकट बाहेर घ्यावा. वरून पानं धरून उपटलं तर पान बुडाशी तुटतं. माती हलक्या हाताने झाडली की आईला फुटव्याशी जोडणारा आडवा दुवा दिसतो. तो स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने एका घावात कापावा. प्रत्येक भागाला काही मुळं आणि निदान एक भरला कोंब हवा. कापलेली जागा सावलीत एखादा दिवस सुकू द्यावी. काही जण तिथे हळद किंवा राख लावतात. मुख्य औषध मात्र वाळणं हेच आहे. ओल्या जखमेतून कुजवणारे जिवाणू आत शिरतात, सुकलेल्या जखमेला ते दार राहत नाही.

कुंडी मोठी घेण्याचा मोह टाळावा. मुळांना दोन-तीन बोटं जागा उरेल एवढीच पुरे. मोठ्या कुंडीत माती जास्त, तिच्यात पाणी जास्त काळ राहतं आणि मुळं ते पुरतं शोषू शकत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत हा धोका दुप्पट, कारण ती पाणी धरून बसते. लाल किंवा पोयट्याची माती एक भाग आणि जाडी वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे दोन भाग, वर मूठभर गांडूळखत, हे मिश्रण पुरतं. नदीची वाळू आता सहज मिळत नाही. बांधकामावरची क्रश सँड चालते, पण चाळून तिची भुकटी काढून टाकावी आणि धुऊन घ्यावी. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा. लावल्यावर तीन-चार दिवस पाणी देऊ नये.

या पद्धतीत काहीच नव्याने घडवायचं नसतं. कोंब आहे, मुळं आहेत, खोड आहे. आपण फक्त दोन संसार वेगळे करून देतो. म्हणून फुटव्यातून आलेलं झाड आईसारखंच असतं, कडेसकट.

पानाचं कलम

पानापासून रोप करणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. इथे ना कोंब असतो, ना मूळ. एका निरोगी, पुरत्या वाढलेल्या पानाचे सात-आठ सेंटीमीटरचे तुकडे करायचे आणि त्यांतून झाड उभं राहील अशी वाट बघायची.

पहिली अट दिशेची. तुकड्याची जी बाजू झाडावर असताना खाली होती, तीच मातीत जायला हवी. उलटा लावलेला तुकडा महिनोन्‌महिने हिरवा राहतो, पण रुजत नाही आणि शेवटी वाळून जातो. कारण वनस्पतीला आपलं बूड आणि शेंडा ठाऊक असतो. हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञाने 1878 साली विलोच्या फांद्यांचे तुकडे उलटे टांगून दाखवलं की मुळं फुटतात ती मूळच्या खालच्या टोकालाच, ते आता वर असलं तरी. ऑक्सिन नावाचं संप्रेरक पेशींमधून शेंड्याकडून बुडाकडे वाहतं आणि खालच्या कापाशी साठतं. तिथेच मुळं धरतात. एका पानाचे चार-पाच तुकडे केले की वरखाल ओळखणं अवघड जातं. त्यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या खालच्या बाजूला उलट्या ‘व्ही’च्या आकाराची खाच कापायची. दिशा कळते आणि मुळं फुटायला कापाची लांबीही वाढते.

दुसरी अट सुकण्याची. तुकडे सावलीत पसरून ठेवावेत. देशावर उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात. मुंबईत आणि कोकणात, दमट हवेत, चार-पाच दिवस लागतात. कापावर कोरडी, किंचित कडक साय धरली की तुकडा लावायला तयार. मग फक्त ओलसर वाळूत, किंवा वाळूत थोडं कोकोपीट मिसळून, दोन-तीन सेंटीमीटर खोल उभा रोवायचा. खत नको. मुळं फुटायची पावडर लावली तरी चालते, नाही लावली तरी चालते. उजेड भरपूर हवा, थेट ऊन नको. वाळू वरून कोरडी झाली की झारीने थोडंसं पाणी.

तिसरी अट सगळ्यांत कठीण, आणि ती म्हणजे धीर. मुळं यायला महिना ते दोन महिने, कोंब दिसायला तीन ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक. या काळात वर काहीच घडत नाही. लावलेला तुकडा स्वतः वाढत नाही, त्याचा कापलेला वरचा काठ कधी टोकदार होत नाही. तो फक्त खाली मुळं सोडतो, मग मातीत एक छोटं आडवं खोड बनवतो आणि त्या खोडाचा कोंब शेजारून वर येतो. अगदी नवा, दोन बोटांएवढा, पण आकाराने पूर्ण. जुन्या पानाने आपली साठवण त्याला दिलेली असते. कोंब वर आला म्हणून जुना तुकडा लगेच काढू नये. तो सुकेपर्यंत पोसत राहतो.

पानफुटीशी नातं

पानातून झाड उगवणं मराठी माणसाला नवीन नाही. पानफुटीचं पान वहीत ठेवून त्याच्या कडेला रोपं फुटताना आपण लहानपणी पाहिली आहेत. पानफुटीच्या पानाच्या खाचांत कोंबाच्या पेशी आधीपासूनच वाट बघत असतात. स्नेक प्लांटच्या पानात तशी कुठलीही तयारी नसते. पान म्हणून पूर्णपणे घडलेल्या पेशी कापाजवळ आपलं काम सोडतात, पुन्हा विभागू लागतात आणि आधी मूळ, मग कोंब घडवतात. वनस्पतीच्या एकेका पेशीतून अख्खी वनस्पती उभी राहू शकेल असा विचार ऑस्ट्रियाच्या गॉटलीब हाबरलांट यांनी 1902 साली मांडला. 1958 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टीवर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून तसं करून दाखवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच शास्त्राच्या बळावर बांबूच्या रोपांना काचेच्या नळीत फुलं आणली गेली. ते संशोधन 1990 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. खिडकीतल्या वाळूत रोवलेला पानाचा तुकडा याच शास्त्रातला एक प्रयोग करत असतो, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

पानफुटीशी या झाडाचं आणखी एक नातं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत दक्षिण भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचं पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिलं. सकाळी ते आंबट लागलं, दुपारपर्यंत आंबटपणा गेला. 1815 साली छापलेल्या या निरीक्षणातून पुढे एक मोठं कोडं सुटलं. पानफुटीसारख्या, रखरखीत मुलखात तगणाऱ्या वनस्पती आपली पर्णरंध्रं दिवसा मिटून घेतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. सूर्य उगवला की दारं बंद करून त्याच साठ्यावर अन्न तयार करतात. स्नेक प्लांटही असंच जगतं. तोडलेलं पान आठवडेच्या आठवडे हिरवं का राहतं, पाणी विसरलं तरी झाड का तगतं आणि रोज पाणी घातलं तर का मरतं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं याच सवयीत आहेत. हे झाड थेंब वाचवण्यासाठी घडलेलं आहे. पाण्याचा सुकाळ त्याला पेलत नाही.

कड कुठे जाते?

आता त्या पिवळ्या कडेच्या पानाकडे येऊ. लॉरेंटीचं देखणं पान कापून कुणी हौसेने चार तुकडे लावतं, सहा महिने वाट बघतं आणि वर येतो तो निखळ हिरवा कोंब, फिकट लाटांसकट पण कडेविना. माती बदलून, खत देऊन, उन्हात ठेवून काही फरक पडत नाही. रोपाने आपलं काम चोख केलेलं असतं. आपण त्याच्याकडे जे मागितलं, ते पानात नव्हतंच.

दिवाळीत आपण दोन रंगांचे चिरोटे करतो. पांढरी पोळी, गुलाबी पोळी, मध्ये साटा, मग वळकटी. कापलं तरी प्रत्येक पदर आपल्या रंगाचा राहतो. लॉरेंटीच्या कोंबाच्या टोकाशी पेशींचे असेच पदर असतात. काही पदरांतल्या पेशी हरितद्रव्य बनवतात, काहींतल्या बनवू शकत नाहीत. त्यांची जनुकं निराळी, पण त्या एकाच झाडात शेजारी नांदतात. पान तयार होताना ज्या भागात हरितद्रव्य न बनवणाऱ्या पेशी कडेला येतात, तिथे पिवळी पट्टी दिसते. वनस्पतिशास्त्रात अशा झाडाला कायमेरा म्हणतात. कोंबाच्या टोकाशी हे पदर क्रमाने टिकलेले असतात, म्हणून फुटव्यातून कड पुढे जाते. पानाच्या तुकड्यातून कोंब घडतो तो आतल्या हिरव्या भागातल्या थोड्याशा पेशींतून. त्या पेशींजवळ दुसऱ्या पदराची काहीच शिदोरी नसते. क्वचित उलट घडतं आणि पूर्ण पिवळा कोंब येतो; तो देखणा असला तरी स्वतःचं अन्न बनवू शकत नाही आणि आईपासून वेगळा केला की तगत नाही.

यातून एक सरळ नियम निघतो. ज्या झाडाचं रंगरूप एकसारख्या पेशींतून आलं आहे, ते पानातून तसंच येतं. साधं हिरवं ट्रायफॅसिआटा, गोल नळीसारख्या पानांचं सिलिंड्रिका आणि बुटकं हिरवं हानी ही सगळी पानातून बिनधास्त वाढवावीत. ज्यांच्या पानांवर पिवळे-पांढरे पट्टे आहेत, ती फुटव्यानेच वाढवावीत.

हानीची गोष्ट या नियमाला छान जोडून येते. 1939 साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एका रोपवाटिकेत लॉरेंटीच्या झाडांमध्ये एक बुटका, गुलाबाच्या पाकळ्यांसारखा पसरलेला फुटवा कुणाच्या तरी लक्षात आला. उंच वाढणाऱ्या आईला अचानक झालेलं हे वेगळं मूल. ते जपलं गेलं, 1941 साली त्याचं पेटंट निघालं आणि आज टेबलावर मावणाऱ्या छोट्या कुंड्यांत ते जगभर आहे. त्याच्यातूनच पुढे सोनेरी पट्ट्यांचं गोल्डन हानी निपजलं. हे घडलं ते रोज हजारो रोपं हाताळणाऱ्या माणसाने एका रोपाकडे नीट पाहिलं म्हणून. तुमच्या कुंडीतही एखादा फुटवा निराळा निघू शकतो; तो ओळखायचा तर आईची पानं लक्षात असायला हवीत.

पाण्यातली मुळं आणि डासांचा प्रश्न

पानाचा तुकडा पाण्याच्या बाटलीत ठेवूनही मुळं येतात. मुलांना दाखवण्यासाठी ही पद्धत उत्तम, कारण काचेतून सगळं दिसतं. पाणी दोन-तीन सेंटीमीटरच, पान बाटलीच्या तळाला टेकू नये, जागा उजेडाची. मुळं तीन-चार सेंटीमीटर झाली की मातीत लावावं. पाण्यातली मुळं नाजूक असतात, म्हणून पहिले काही आठवडे माती किंचित ओलसर ठेवावी.

यात एक सार्वजनिक जबाबदारीही आहे. डेंगी पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरोघर तपासणी करतात, तेव्हा कुंडीखालच्या ताटल्या, मनी प्लांटच्या बाटल्या आणि बांबूची भांडी यांत अळ्या सापडतात. म्हणून बाटलीतलं पाणी दर चार-पाच दिवसांनी पूर्ण बदलावं आणि बाटली आतून घासावी, म्हणजे भिंतीला चिकटलेली अंडीही जातात. रोज लक्ष देणं जमणार नसेल, तर माझा कौल वाळूलाच आहे.

वेळ कुठली निवडावी? पान कलमासाठी शिमग्यापासून मृगाच्या आधीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. ऊब असते आणि हवा कोरडी. पावसाळ्यात तुकडे कुजतात. फुटवे वेगळे करायला मात्र दिवाळीच्या आसपासचे दिवस उत्तम. पाऊस सरलेला असतो, कुंड्या पावसाने भरून आलेल्या असतात आणि थंडी पडायला अवकाश असतो. दिवाळीत लावलेला फुटवा डिसेंबरच्या गारठ्याआधी मुळं धरतो. नाशिक-पुण्याकडे थंडीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा कुंडी उघड्या गच्चीवरून आत घ्यावी आणि पाणी जवळजवळ थांबवावं.

झाड विकत घ्यायला गेलात, तर पुणे–सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकांतून शेडनेटखाली या झाडाच्या काळ्या पिशव्यांच्या रांगा दिसतात. आपल्याकडची कितीतरी शोभेची रोपं आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियमहून ट्रकने येतात. घनदाट दिसणाऱ्या कुंडीत पुष्कळदा तीन-चार सुटी रोपं एकत्र लावलेली असतात. तशी कुंडी घेतली तर पहिल्याच दिवशी दोन घरांची सोय होते.

ऑक्सिजनची जाहिरात

स्नेक प्लांट ‘हवा शुद्ध करतं’ आणि ‘रात्री ऑक्सिजन देतं’ असं सांगून विकलं जातं. घरात दम्याचं माणूस असणारे लोक त्या आशेने ते विकत घेतात. म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

1989 साली नासासाठी बी. सी. वुल्व्हर्टन यांनी काही घरगुती झाडं हवाबंद पेट्यांत ठेवून बेंझीन, फॉर्माल्डिहाइड अशा वायूंचं प्रमाण किती घटतं ते मोजलं. त्यांत पिवळ्या कडेचं स्नेक प्लांट होतं आणि प्रमाण घटलंही. पण तो प्रयोग अंतराळयानासारख्या बंद जागांसाठी होता. आपल्या घरांत दार-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. अमेरिकेच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी 2019 साली अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडला. साध्या वायुविजनाची बरोबरी करायला एका चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यातून निघालं. म्हणजे 10 बाय 10 फुटांच्या खोलीत निदान नव्वद कुंड्या! खिडकी उघडणं त्याहून सोपं आणि खात्रीचं.

रात्रीच्या ऑक्सिजनचीही तीच कथा. हे झाड रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं हे खरं. पण ऑक्सिजन तयार होतो तो प्रकाशातच, दिवसा. दोन वेगळ्या गोष्टी जाहिरातीत एक झाल्या. आजारी माणसाला औषध आणि मोकळी हवा लागते, कुंडीने ती गरज भागत नाही. शिवाय या पानांत सॅपोनिन असतात. मांजराने, कुत्र्याने पान चघळलं तर उलट्या-जुलाब होऊ शकतात, तेव्हा घरात ती असतील तर कुंडी उंचावर ठेवावी. हे झाड देखणं आहे, चिवट आहे आणि वाटता येतं. एवढे गुण त्याच्या लौकिकाला पुरेसे आहेत.

देताना

या गुणांतला शेवटचा, वाटता येण्याचा, मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे झाड देण्याघेण्याची रीत जुनी आहे. जास्वंदीची फांदी, मोगऱ्याचं कलम, गवती चहाचा ठोंब, अळूचा कंद शेजारणीकडून शेजारणीकडे जात असे आणि प्रत्येकाबरोबर दोन वाक्यंही जात: हे कुणाकडचं, याला काय मानवतं. विकतच्या कुंडीबरोबर ही वाक्यं येत नाहीत. म्हणून लोक स्नेक प्लांटला रोज पाणी घालून कुजवतात, लॉरेंटीचं पान लावून कडेची वाट बघतात आणि हात आखडता घेतात.

दिवाळीत भेट म्हणून एखादा फुटवा द्यायचा विचार करा. पणतीएवढी कुंडी नको आणि नक्षीची महागडी कुंडीही नको. भोक असलेली साधी मातीची कुंडी पुरे. देताना तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्या. पहिली, झाडाचा प्रकार. दुसरी, ते फुटव्याचं आहे की पानाचं, म्हणजे घेणाऱ्याला कळेल की पुढे कड टिकवायची तर फुटवाच वेगळा करायचा. तिसरी, ते कुणाकडून तुमच्याकडे आलं. पाण्याबद्दल एकच ओळ: माती बोटभर खोल कोरडी लागेपर्यंत थांबा.

पिवळी कड आपल्यापर्यंत पोचली, कारण शंभराहून अधिक वर्षं कुणी ना कुणी बुडाशी सुरी घातली, फुटवा सोडवला आणि पुढे दिला. अलीकडे प्रयोगशाळेतही रोपं होतात, पण घराघरांतली ही साखळी हातांवरच चालते. ती चालू ठेवायला जमीन लागत नाही, पैसा लागत नाही. एक कुंडी, थोडी वाळू आणि घेणारा माणूस लागतो. तुमची कुंडी फुगली असेल, तर घेणारा शोधा आणि त्याला झाडाबरोबर ते कसं वाढवायचं हेही द्या.